बिनगव्हाचे दहा वाडगे

माझ्या हातचा सगळ्यात अवघड पदार्थ कोणता, असं मला लोक अजून विचारतात. त्यांना वाटतं, मी अख्खं बोकड खड्ड्यात भाजल्याची नाहीतर हजार माणसांच्या जेवणावळीची गोष्ट सांगणार. मी सांगतो, एक वाडगाभर पातळ सूप. तांदळाच्या शेवया, कोंबडीचे चार तुकडे, वर थोडा पाला आणि लिंबाची फोड. विचारणारा हसतो. मीही हसतो, पण मी खोटं सांगत नसतो. त्या वाडग्यात काय घालायचं हे मी महिनाभरात शिकलो. त्यात काय पडू द्यायचं नाही हे शिकायला वर्ष लागलं, आणि त्या शिकण्यात एका पोरीचं नुकसान झालं ते झालंच.

मी कोल्हापुरातला हॉटेलवाला. आठ टेबलांचं हॉटेल, आणि स्वयंपाकघर त्याहून लहान. आता मुलगा आणि सून बघतात. मी दाराशी खुर्ची टाकून बसतो आणि आल्यागेल्याला नावं ठेवतो. हॉटेल काढायच्या आधी अकरा वर्षं मी आखातात एका मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात होतो. तिथं माझ्या शेजारच्या शेगडीवर लान नावाची व्हिएतनामची बाई असायची. माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला लानताई म्हणायचो. ती ‘फो’ नावाचं सूप करायची. हाडं सात-आठ तास मंद आचेवर, कांदा आणि आलं थेट जाळावर काळं होईस्तोवर भाजलेलं, दालचिनी, लवंग, बाद्यान म्हणजे चक्रफूल. गाळलेल्या रश्श्यातून वाडग्याचं बूड दिसलं पाहिजे, हा तिचा नियम. पहिल्यांदा त्या पातेल्याचं झाकण उघडलं तेव्हा मी मनात म्हटलं, अरे, हा तर आपल्या पांढऱ्या रश्श्याचा मावसभाऊ! ती ज्या मांसाचं करायची ते आपल्याकडं चालणार नव्हतं, म्हणून मी कोंबडीचं शिकून घेतलं.

कोल्हापूरला आल्यावर चायनीजच्या जोडीला मी हे सूप ठेवलं. पहिले सहा महिने माझी जी शोभा झाली ती विचारू नका. एक पैलवान आले, वाडग्यात बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, “वस्ताद, आजारी माणसाचं हाय व्हय हे?” दुसऱ्या एकानं शेवया चिमट्यानं बाजूला काढून ठेवल्या आणि उरलेल्या रश्श्यात दोन भाकरी कुस्करल्या. पण सगळ्यात मोठी तक्रार एकच होती. वाडगा संपला की गिऱ्हाईक मान वर करून म्हणायचं, “रस्सा आणा की!” मी सांगायचो, हा एकाच वाडग्याचा पदार्थ आहे. तो माणूस माझ्याकडं असा बघायचा, की मी त्याच्या ताटातली भाकरी उचलून घेतलीय.

आपल्याकडं रश्श्याला माप नसतं. वाढणारा माणूस ओगराळं घेऊन पंक्तीतून फिरत राहतो आणि वाटी अर्धी झाली की ओततो. विचारून वाढणं म्हणजे वाढायची इच्छा नसणं, हे कोल्हापुरात लहान पोरालाही कळतं. शेवटी मी हात टेकले. फोचा रस्सा पाहिजे तेवढा, असं जाहीर करून टाकलं आणि त्या कामावर गुंडूमामांना नेमलं.

गुंडूमामा गगनबावड्याकडचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्याआधी तीस वर्षं एका मटण खानावळीत रस्सा वाढत होते. तांदळाच्या शेवया पहिल्यांदा बघितल्या तेव्हा म्हणाले, “हे तर आमच्या खालच्या कोकणातलं शिरवाळं. नवीन काय हाय ह्यात?” त्यांचा हात म्हणजे यंत्र होतं. गप्पा मारता मारता, तिसरीकडं बघत, ते वाडग्यात काठाला बरोबर बोटभर कमी रस्सा ओतायचे आणि थेंब बाहेर पडायचा नाही. मला त्या हाताचा फार अभिमान होता.

मधल्या काळात ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणणारी गिऱ्हाइकं येऊ लागली. एक पाव्हणे मोठ्या गाडीतून उतरले, गव्हाचं काही चालत नाही म्हणून आम्हाला अर्धा तास पळवलं, सूप प्याले आणि मग म्हणाले, “जरा दोन पाव मिळतील का बुडवायला?” त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात ग्लुटेन हा थट्टेचा शब्द झाला. कुणी आळस केला की दुसरा म्हणायचा, “ह्याला ग्लुटेन झालंय.” हे मी मुद्दाम सांगतोय. पुढं जे झालं त्याआधी आमची समज एवढीच होती.

अशात एका सकाळी सुरेखाताई आल्या. कळंब्याच्या. घरी चार म्हशी, दुधाचा रतीब, आवाज असा की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघावा. मागं त्यांची मुलगी उभी होती, ऋतुजा. बावीस-तेवीसची, बारीक, खांद्याला डब्याची पिशवी.

“पावणं,” बाईंनी बसायच्या आधीच विचारलं, “तुमच्या त्या सुपात गहू कुठं कुठं हाय?”

“गहू? तांदळाच्या शेवया हायत ताई. गहू कशाला असंल?”

“नावावर जाऊ नगासा. पाकीट दावा.”

मी पाकीट आणलं. त्यांनी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर बोट ठेवून वाचलं. “शेवया चालत्यात. आता आत येऊ का?”

माझ्या स्वयंपाकघरात तपासणीला येणारा साहेब सोडला तर परकं माणूस कधी शिरलं नव्हतं. पण या बाईला नाही म्हणायची सोयच नव्हती. त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि एकेक बोट उघडू लागल्या.

“ह्या पाण्यात काय शिजवतासा?”

“हाक्का नूडल्स.”

“त्या मैद्याच्या. आन तांदळाच्या शेवया?”

“त्याबी ह्यातच.”

“एक,” त्या म्हणाल्या. मग शेवया उपसायचा झारा, तोही एकच होता. मग सोया सॉसची बाटली. तिच्या मागच्या बाजूला गहू लिहिलेला. मग रश्श्याला चव यावी म्हणून मी चिमूटभर घालत होतो ती तयार पूड. मग मोमोची कणीक मळायचा ओटा, त्याच्यावर मैद्याचा पांढरा थर, आणि त्याला लागूनच वाडगे पालथे घातलेले. मग गुंडूमामांचं ओगराळं. ते रश्श्यातून निघून चायनीजच्या दाट ग्रेव्हीत जायचं आणि परत रश्श्यात यायचं. शेवटी त्यांनी हिंगाची डबी उचलली.

“ताई, आता हिंगाला तरी सोडा,” मी म्हटलं.

“वाचा की,” त्या म्हणाल्या. मी वाचलं. हिंगात मैदा होता. इतकी वर्षं हिंग वापरला आणि डबी एकदाही वाचली नव्हती. माझे कान तापले.

“सात,” बाई म्हणाल्या. “आन तुम्ही म्हणतासा, कुठंच न्हाय.”

बाहेर बसून त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगतो. गव्हात ग्लुटेन नावाचं द्रव्य असतं. कणीक ताणली की तुटत नाही ती त्याच्यामुळं. काही माणसांच्या आतड्याला ते चालतच नाही. ही ॲलर्जी नव्हे, की अंगावर पुरळ उठलं आणि गोळी घेतली. आतड्याचं आतलं अस्तरच झडतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, माणूस वाळत जातो. औषध नाही. गहू सोडायचा, जन्मभर, आणि सोडायचा म्हणजे चिमूटसुद्धा पोटात जाऊ द्यायचा नाही. ऋतुजाला हे चौदाव्या वर्षी निघालं. त्यानंतरही दोन वर्षं ती बरी होईना. घरी ज्वारीची भाकरी, तांदूळ, सगळं पथ्य, आणि तरी पोटात कळा. शेवटी बाईंच्या लक्षात आलं, की गावच्या गिरणीत आधी कुणाचे तरी गहू दळतात आणि त्याच जात्यात मग ह्यांची ज्वारी पडते. त्यांनी एक म्हैस विकली आणि घरघंटी आणली.

“गिरणीनं दोन वर्षं खाल्ली बघा आमची,” त्या म्हणाल्या. “तवापास्नं मी कुणावर इश्वास ठेवत न्हाय. तुमच्यावर बी न्हाय.”

मग आमच्याकडं कशाला आलात, असं विचारणार होतो. ऋतुजानंच सांगितलं. तिला पुण्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. हजर व्हायला तीन महिने होते. आई सोडायला तयार नव्हती, कारण तिथं मेसमध्ये कोण बघणार? नऊ वर्षांत पोरीनं घराबाहेरचा घास घेतला नव्हता. लग्नाकार्यात कोपऱ्यात डबा उघडून बसायची आणि प्रत्येक मावशी-काकू येऊन म्हणायची, “एका पुरीनं काय होतंय गं?” शेवटी दोघींत करार झाला होता. ऋतुजानं बाहेर दहा वेळा खायचं. दहाही वेळा धड राहिली तर पुण्याला जायचं. तांदळाच्या शेवयांचं जेवण कोल्हापुरात कुठं मिळतं हे शोधत ती माझ्यापर्यंत आली होती.

मी हो म्हटलं. उपकार म्हणून नव्हे. ज्या बाईनं माझ्या स्वयंपाकघरात सात चुका काढल्या, तिला आठवी सापडू द्यायची नाही, एवढीच माझी जिद्द होती.

नवं पातेलं आणलं, नवा झारा, नवं ओगराळं. पातेल्याच्या कडीला आणि बाकी दोन्हींच्या दांड्यांना तांबडी चिंधी बांधली. रविवारी सकाळी अकराला, मैद्याचं पिंप उघडायच्या आधी, तिचा वाडगा करायचा असं ठरलं; मैदा उडाला की दोन तास हवेत तरंगतो. रश्श्यात हाडं, भाजलेला कांदा, आलं, खडा मसाला, मीठ आणि बाटलीतलं माशाचं खारं पाणी, म्हणजे फिश सॉस. या पाण्यात मासळी आणि मीठ याशिवाय काही नाही, हे बाईंनी वाचून घेतलं. सोया नाही, पूड नाही, हिंग नाही. वर पुदिना, कोथिंबीर आणि आमच्या परसातल्या सब्जाची पानं. गंमत म्हणजे ही चव लानताईच्या चवीच्या जवळ गेली. आम्ही इतकी वर्षं पूड घालून तिला बिघडवत होतो.

पहिल्या रविवारी बाई समोर बसल्या. स्वतः काही खाल्लं नाही, नुसतं पोरीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. ऋतुजानं एक चमचा घेतला, थांबली, दुसरा घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला वाटलं मिरची लागली.

“तिखट झालं का?”

“न्हाय काका,” ती म्हणाली. “नऊ वर्षांत भायेर गरम कायच खाल्लं न्हवतं. डबा गारच असतोय न्हवं.”

मी आत जाऊन उगीच एक पातेलं घासलं. हे मला सुचलंच नव्हतं. मी तिला विषापासून वाचवायला बसलो होतो आणि ती गरम जेवायला आली होती.

दुसरा वाडगा, तिसरा, चौथा. सोमवारी दुपारी बाईंचा फोन यायचा, “धड हाय,” आणि ठेवून द्यायच्या. पाचव्यापासून फोनचीही गरज वाटेना. सातव्याला ऋतुजा एकटी आली. आठव्या रविवारी बाईंना बिद्रीला पाहुण्यांकडं लग्नाला जायचं होतं. ऋतुजा दोन मैत्रिणींना घेऊन आली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला तरी हॉटेलात घेऊन आली होती. खुर्चीत बसण्याची ऐट बघायला हवी होती. मैत्रिणींनी साधा फो मागवला, आमच्या रोजच्या पातेल्यातला, सोया आणि पूड घातलेला. मी तिचा वाडगा स्वतः केला, स्वतः नेऊन ठेवला आणि एका ओळखीच्या माणसाशी दारात बोलत उभा राहिलो.

सोमवारी फोन आला नाही. संध्याकाळी बाई स्वतः आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पोरगी काल रातीपास्नं उलट्या करतीया,” त्या म्हणाल्या. “उभी ऱ्हाईना. कुणी काय केलं?”

मी शपथेवर सांगितलं, पातेलं तेच, झारा तोच. एकेकाला बोलावून विचारत होतो, तेवढ्यात मोरीपाशी उभे असलेले गुंडूमामा पुढं आले.

“म्या वाढला,” ते म्हणाले. “त्या दोन पोरींच्या वाडग्यात रस्सा घालत हुतो. तिसरा वाडगा अर्धा दिसला. हात गेला.”

पातेलं बदललं, झारा बदलला, ओगराळं बदललं. तीस वर्षांचा हात बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या हाताचा अभिमान बाळगणारा मीच होतो.

“आठ न्हाय,” बाई म्हणाल्या. “शून्य.” आणि निघून गेल्या.

पुण्याच्या कंपनीला त्यांनी नकार कळवायला लावला. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. हे मला महिन्यानं कळलं. गुंडूमामांना मी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कुठून तरी कळलंच. दुसऱ्या दिवशी ओगराळं माझ्या हातात दिलं, “वगराळं आता धरणार न्हाय,” म्हणाले आणि गावी गेले. दीड महिन्यानं परत आले ते भांडी घासायला. वाढायला कुणी माणूस नसेल तेव्हाच नाइलाजानं बाहेर यायचे आणि प्रत्येक टेबलापाशी थांबून विचारायचे, “घालू?” गिऱ्हाइकं चमकून बघायची. एक जण मला येऊन म्हणाला, “वस्ताद, रस्सा कमी केलासा व्हय?”

तांबड्या चिंधीचं पातेलं मी फडताळात वर ठेवून दिलं होतं. पुन्हा कुणी गव्हाचं विचारलं तर सरळ सांगायचो, आमच्याकडं जमत नाही, बाहेरचं खाऊ नका. भीती बसली होती मनात. दुसऱ्याच्या पोरीची जबाबदारी मिरवायला घेतली आणि निभावली नाही, असं मला रोज वाटायचं.

पाच महिन्यांनी ऋतुजा आली. एकटी.

“काका, परत सुरू करूया.”

“न्हाय बाळ,” मी म्हटलं. “माझ्या हातनं एकदा चुकलंय.”

“तुमचं न्हाय चुकलं.” ती बसली. टेबलावरचं मीठ इकडून तिकडं सरकवत राहिली. “मी बघितलं हुतं.”

“काय?”

“मामांनी घातला तवा. वगराळ्याला तांबडी चिंधी न्हवती, ते दिसलं मला. पण ते इतक्या मायेनं वाढत हुते. ‘खा गं बाय, वाळलीयास,’ म्हणाले. मैत्रिणी बघत हुत्या. मला न्हाय म्हणवंना. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय.” तिनं मीठ परत जागेवर ठेवलं. “एका पुरीनं काय होतंय, म्हणत्यात तसंच मीच म्हटलं, काका. आईला अजून सांगितलेलं न्हाय.”

मला पोरीचा राग यायला हवा होता. आला नाही. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला मायेनं वाढणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. डॉक्टरांनी दम दिल्यावरसुद्धा मी पाहुण्यांकडं तिसरा लाडू खाल्लाय, वाढणारीचं मन मोडू नये म्हणून. माझी साखर वाढते, तिचं आतडं झडतं, एवढाच फरक.

“आईला सांग,” मी म्हटलं. “मग सुरू करू.”

तिनं सांगितलं. काय झालं ते मला माहीत नाही, पण पुढच्या रविवारी दोघी आल्या आणि दोघींचे डोळे सुजलेले होते. मी फडताळातून पातेलं काढलं. गुंडूमामांनी आमच्या आधीच ते तीनदा घासून ठेवलं होतं.

पहिला वाडगा, दुसरा, पाचवा. पुण्यातल्याच दुसऱ्या एका प्रयोगशाळेत तिची मुलाखत झाली, होकारही आला. पगार आधीच्यापेक्षा कमी होता. ते नुकसान आम्हीच केलेलं. नववा वाडगाही धड गेला. दहाव्या रविवारी सकाळी सुरेखाताई दहालाच येऊन आत शिरल्या. ऋतुजा अजून यायची होती.

“वस्ताद, एक काम हाय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. “तुमचं पातेलं मला कळलं. आता पोरगी कळाया पायजे. पुण्यात पातेलं घिऊन कोण हिंडणार हाय तिच्या मागं?” मग त्यांनी मला सांगितलं काय करायचं ते.

गुंडूमामांना वाढाल का विचारलं तर ते दोन पावलं मागं सरले. “मला सांगू नगा. एकदा झालं तेवढं बास.”

म्हणजे मलाच करायचं होतं. सुरेखाताईंनी रोजचं, बिनचिंधीचं ओगराळं घेतलं आणि स्वतःच्या हातानं, राखेनं, मग साबणानं, मग उकळत्या पाण्यानं धुतलं. त्यात भरायचा रस्सा ऋतुजाच्याच पातेल्यातला. म्हणजे तिनं खाल्लं असतं तरी काही झालं नसतं. हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. ऋतुजाला आम्ही अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलेला अंक तिच्या हातात पडेल तेव्हा तिला कळेल आणि मला शिव्या बसतील, त्या मी खाईन.

ऋतुजा आली, बसली. मी वाडगा नेऊन ठेवला. आज शेवटचा, म्हणून चेहरा फुललेला होता. निम्मा वाडगा संपला तसा मी आत गेलो, ओगराळं काठोकाठ भरलं आणि बाहेर आलो.

“घे की गं, वाईच,” मी म्हटलं. “गरम हाय.”

तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग ओगराळ्याच्या दांड्याकडं. चिंधी नव्हती.

“नगं, काका.”

“पुण्याला निघालीस. परत कवा मिळायचं हे?” मी पुढं वाकलो. आग्रह कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको. “वस्तादाच्या हातचं न्हाय म्हणतीस? मन मोडतीस म्हाताऱ्याचं?”

तिचा चेहरा पडला. तिच्या डोळ्यांत मला दिसलं, की तिला वाईट वाटतंय, खरंच वाटतंय, माझ्यासाठी. मला ओगराळं मागं घ्यावंसं वाटलं. सुरेखाताई समोर ताठ बसून होत्या. मी ओगराळं वाडग्यावर नेलं.

ऋतुजानं तळहात वाडग्यावर आडवा धरला. वरून वाफाळता रस्सा, खाली तिचा हात. मी जरा जरी तिरकं केलं असतं तर भाजला असता. तिनं हात काढला नाही.

“न्हाय म्हटलं की, काका,” ती म्हणाली. जरा मोठ्यानंच म्हणाली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. “तुम्ही वाढलासा तरी न्हाय.”

सुरेखाताईंनी पदरानं तोंड पुसलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी माझ्या हॉटेलात काहीतरी मागितलं. “मला बी एक वाडगा आणा,” त्या म्हणाल्या, “आन ही किती तारखेला जाणार, ते इचारा तिला. तिकीट काढाया पायजे.”

मी भरलेलं ओगराळं तसंच उचलून आत आलो. इतक्या वर्षांत मी पुढं केलेलं ओगराळं कुणी परत पाठवलं नव्हतं. गुंडूमामा मोरीपाशी ओले हात घेऊन उभे होते.

“परत आलं?” त्यांनी विचारलं.

“आलं,” मी म्हटलं. आणि आम्ही दोघं म्हातारे त्या भरल्या ओगराळ्याकडं बघत खुळ्यागत हसत सुटलो.